हळू फिरलेली गाणी

अध्यक्ष, तुम्ही एका बाईचं तोंड बंद केलंत आणि वर त्याला शिस्त म्हणालात. तिनं कुणाचं घोडं मारलं होतं? ऐकताना मला असं असं झालं, एवढंच तर ती सांगायची. तेही तुम्हाला खुपलं. तर आता जे घडलं ते सगळ्यांनी ऐकावं. गोड लागो की कडू.

बाईची लाँड्री. पुढे कपडे घ्यायचा कट्टा, मागे वाफेची मोठी इस्त्री, आणि इस्त्रीच्या डोक्यावरच्या फळीवर एक जुना रेकॉर्ड प्लेअर. नवरा गेल्यापासून दुकान ती आणि तिची नणंद चालवायच्या. नणंदेचे गुडघे गेले होते, जीभ मात्र धडधाकट होती. दिवसभर रेकॉर्ड फिरायच्या, वाफ सुटायची, कॉलरी ताठ व्हायच्या.

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर श्रवण मंडळ भरे. बाई तिथली सभासद. मंडळाची रीत ठरलेली: आधी रेकॉर्ड वाजायची, मग ज्याची पाळी त्यानं बोलायचं, मग अध्यक्षांचा समारोप. समारोपात काय, तर रेकॉर्ड कुठल्या साली निघाली, कुठल्या स्टुडिओत झाली, माइक कुठे टांगला होता. तेवढ्यात लोक चहा उरकून घेत. बाईची पाळी असली की मात्र कप खाली ठेवत.

कारण ती पुस्तकातलं बोलत नसे. चेलोच्या, म्हणजे त्या खर्जातल्या मोठ्या व्हायोलिनच्या, एका रेकॉर्डवर ती म्हणाली होती, "एकटा माणूस रिकाम्या घरात कपाट सरकवतोय. मदतीला कुणाला हाक मारायची नाही, असं त्यानं ठरवलंय." जॅझची रेकॉर्ड लागली तेव्हा म्हणाली, "हा सॅक्सोफोनवाला म्हणजे उशिरा घरी आलेला नवरा. सबब पुन्हा पुन्हा सुरू करतो, एकदाही संपवत नाही, आणि तरी आपण दार उघडतो."

"डिट्टो माझा दादा!" मागच्या रांगेतून नणंद ओरडली होती. सगळं सभागृह हसलं. अध्यक्ष सोडून.

मंडळाच्या रेकॉर्ड बाई आधी दुकानात नेऊन ऐकायची. त्याच रेकॉर्ड मंडळात लागल्या की तिला नेहमी जरा घाईत वाटायच्या. तिची समजूत अशी, की तिथलं यंत्रही अध्यक्षांसारखंच समारोपाला टपलेलं असणार.

या वेळची रेकॉर्ड होती स्वतःच गाणी लिहून गिटारवर म्हणणाऱ्या एका गायिकेची. त्यातलं एक गाणं बाईच्या काळजात रुतून बसलं होतं. गाण्यातली बाई जेवायला दोन ताटं मांडते आणि मग त्यातलं एक उचलून ठेवते. बस्स, एवढंच गाणं. बाई इस्त्री उभी करून ते ऐकायची. गिऱ्हाइकं ताटकळायची. पाळी तिचीच होती, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला बोलायची भीती वाटत होती. कारण या वेळी बोलायचं ते दुसऱ्या ताटाबद्दल होतं, आणि ते ताट तिच्याही घरात होतं.

नेमके त्या आठवड्यात अध्यक्ष कोट घ्यायला दुकानात आले. ते गाणं चालू होतं. त्यांनी मान कलती केली.

"बाई, हे यंत्र हळू फिरतंय."

"फिरत असेल. वय झालं त्याचं."

"हसण्यावारी नेऊ नका. सूर खाली आलाय. कधीपासून?"

कधीपासून, ते देवालाच ठाऊक! प्लेअरची थाळी फिरवणारा रबरी पट्टा इस्त्रीच्या वाफेनं सैल पडत गेला होता, इतक्या सावकाश की रोज ऐकणाऱ्या कानांना पत्ता लागला नाही. दुसऱ्या कुठल्याही घरात हे घडलं नसतं. रेकॉर्ड प्लेअर इस्त्रीच्या डोक्यावर ठेवणारे दुसरे शहाणे कोण असणार?

"म्हणजे तुम्ही मंडळात आजवर जे बोललात, ते तुमच्या बिघडलेल्या यंत्राबद्दल," अध्यक्ष म्हणाले. "संगीताबद्दल नाहीच."

कोट खांद्यावर टाकून ते गेले. दोन दिवसांत निरोप आला. बाईंनी यावं, ऐकावं, बोलू नये. रविवारी त्यांच्या जागी अध्यक्ष स्वतः बोलतील.

"कोट परत मागवा त्याचा," नणंद म्हणाली. "खिसे शिवून टाकते."

बाईनं आधी मेकॅनिकला बोलावलं. त्यानं नवा पट्टा चढवला. बाईनं तेच गाणं लावलं. आवाज वर चढला होता, कोवळा झाला होता.

"अगंबाई! ही कोण चिमणी?" नणंद म्हणाली. "वहिनी, तुमची बाई कुठे गेली?"

गाणारी एक पोरगी होती. ताट उचलताना तिला रडू फुटत होतं. बाईची बाई रडत नव्हती. तिचं रडून झालं होतं, रागही येऊन गेला होता. ताट उचलताना भांड्याचा आवाज होऊ नये, एवढीच तिला काळजी होती. दुपारी एका शर्टाची बाही तिच्या हातून करपली. आपण कुणासाठी रडत होतो? जी नव्हतीच तिच्यासाठी?

संध्याकाळी ती एकदम म्हणाली, "वन्सं, ती पोरगी आपल्या दुकानात येऊन बाई झाली."

"आणि आपण?"

"आपण तिच्यासोबत. मी बोलणार."

रविवारी सभागृह भरलेलं होतं. रेकॉर्ड वाजली. मंडळाच्या यंत्रावर, अगदी बरोबर गतीत. पोरगी रडली. लोकांनी मान डोलावली. अध्यक्ष उठले आणि त्याच क्षणी बाईही उठली.

"माझी पाळी आहे."

"बाई, तुम्हाला कळवलंय."

"कळलं. पटलं नाही."

"हे पाहा, तुमच्या भावनांचा आदर आहे. पण ज्या आवाजाबद्दल तुम्ही बोलणार, तो अस्तित्वातच नाही."

"नाही?" बाई म्हणाली. "माझं यंत्र हळू होतं, कबूल. शंभरदा कबूल. पण कानांचं काय? तुमच्या पुस्तकात गती लिहिलेली आहे. ऐकणाऱ्याचं वय लिहिलंय का? नवरा गेलाय की आहे, लिहिलंय का?"

"हा विषय नाही."

"हाच विषय आहे."

ती सरळ चालत यंत्रापाशी गेली. त्याला अध्यक्षांखेरीज कुणी हात लावत नसे. तिनं सुई उचलून गाण्याच्या सुरुवातीला ठेवली आणि फिरत्या थाळीच्या धातूच्या कडेवर बोट टेकलं.

"बोट काढा!" अध्यक्ष किंचाळले. "यंत्र बिघडेल!"

"बिघडू दे. भरून देईन," मागून नणंद गरजली. "आधी ऐका!"

आवाज आधी लडखडला, दारू प्यायल्यासारखा. कुणीतरी खुदकन हसलं. बाईनं बोटाचा दाब किंचित कमी केला. मग आवाज सावरला, खाली उतरला, जडावला. गिटारच्या तारा दूर दूर पडू लागल्या. पोरगी गेली आणि बाई आली. तिनं दोन ताटं मांडली. तिनं एक ताट उचललं, आवाज न करता.

सुई उचलायला अध्यक्षांनी हात पुढे केला होता. तो हात तसाच हवेत राहिला. गाणं संपेपर्यंत तसाच.

बाईनं बोट काढलं. कडेच्या घर्षणानं ते लाल झालं होतं.

"मी आता बोलत नाही," ती म्हणाली. "माझं बोलून झालं. आता पाळी तुमची."

अध्यक्षांनी घसा खाकरला. "ही रेकॉर्ड ज्या साली निघाली..."

"साल नको."

"स्टुडिओची रचना अशी होती की..."

"स्टुडिओ नको, माइक नको. सर, इतकी वर्षं तुम्ही आम्हाला सगळं सांगितलंत, पण एकही रेकॉर्ड ऐकून तुम्हाला काय झालं, ते एकदाही सांगितलं नाहीत. मी चुकीचं ऐकलं, पण ऐकलं तरी. आत्ता हात पुढे केलात आणि सुई उचलली नाहीत. का नाही उचललीत? आम्ही सगळे बसलोय. तुम्हाला काय झालं, ते सांगा."