उन्हाचं पाणी, गॅसचं पाणी

आमच्या घरापर्यंत विजेची तार येत नाही. छपरावर सोलरची टाकी आहे, तिचं पाणी गॅसच्या गिझरमधून न्हाणीत येतं. नवऱ्यानं स्वतःच जोडलंय. ढग असले की ऊन अर्धंच काम करतं, उरलेलं गॅस करतो. प्लंबर तेव्हाच म्हणाला होता, "साहेब, दोन तापट माणसं एका नळात कोंबताय. मध्ये समजूत घालायला गार पाण्याचा मिक्सिंग व्हॉल्व्ह तरी बसवा."

"बसवू की," नवरा म्हणाला. ते 'बसवू' अजून चालूच होतं.

आमची लेक चिमणी चार महिन्यांची. तिची आंघोळ सासूबाईंकडे. त्यात माझी लुडबूड त्यांना खपत नाही, आणि तेवढीच माझी पाठ टेकते.

चार दिवस आभाळ भरलेलं, म्हणून गिझर मोठ्या आचेवर ठेवला होता. काल लख्ख ऊन पडलं, टाकी तापली, पण आच कुणी कमी केलीच नाही. मीसुद्धा नाही.

टॉवेल द्यायला गेले तर टब भरलेला, आणि सासूबाईंच्या हातातल्या चिमणीचे पाय पाण्यापासून वीतभर वर. सहज कोपर बुडवलं नि झटकन ओढून घेतलं.

"आई, थांबा. पाणी कढत आहे."

"अगं, हात घालून बघितलंय मी. तुझं आपलं काहीतरीच."

"द्या तिला इकडे."

मी चिमणीला जवळजवळ हिसकावूनच घेतलं. सासूबाईंनी हात पुन्हा पाण्यात घातला, तसाच ठेवला. "बरं तर आहे." मग त्यांचं लक्ष माझ्या लाल झालेल्या कोपराकडे गेलं. त्यांनी हात बाहेर काढला. तोही लाल होता.

"तीस वर्षं बेकरीच्या भट्टीतून ट्रे ओढले," त्या हळूच म्हणाल्या. "बोटं कधी मेली, कळलंच नाही गं."

नवऱ्यानं ऐकलं आणि ताट तसंच ठेवून व्हॉल्व्ह आणायला गेला. आज सकाळी व्हॉल्व्ह बसला. मी टब भरला, कोपरानं पाणी बघितलं आणि हाक मारली, "आई, चला. मी बघितलंय पाणी."

त्या दोरीवर कपडे वाळत घालत होत्या. "तूच घाल तिला आंघोळ. आता रोज तूच घालत जा."

माझ्या हातात चिमणी रडायला लागली. त्यांच्याकडे ती कधी रडत नसे. बाहेर कपडे झटकल्याचा आवाज थांबला. मी दाराकडे बघत राहिले. त्या आल्या नाहीत.