सासऱ्याची परीक्षा, सुनेची पाठ

त्रेपन्नाव्या वर्षी माणसाने काय करावं? नातवंडं खेळवावीत, घोडीला खरारा करावा, ऊन खात चहा प्यावा. मी दुसऱ्या सत्राचं कलनशास्त्र करत होतो.

हौस नव्हती हो! नारीन शहराच्या वर, नदीवरच्या छोट्या वीजकेंद्रात अठ्ठावीस वर्षं मी शिफ्टप्रमुख. टर्बाइनचा नुसता आवाज ऐकून तिचं काय दुखतंय ते सांगतो. आणि एक दिवस राजधानीहून, बिश्केकहून कागद आला, की पदवी नसलेला माणूस शिफ्टप्रमुख राहू शकत नाही. उन्हाळ्यापर्यंत पदवी आणा, नाहीतर फाटकावर पहारेकरी व्हा. फाटकावर! तिथे आमचा कुत्रा बसतो! तरुणपणी माझं कॉलेज अडलं होतं ते याच एका विषयापायी, बाकी सगळे सुटलेले. कॉलेजवाले म्हणाले, तेवढा पास व्हा आणि पदवी घेऊन जा.

आणि तो विषय शिकवणार कोण? बुरुलाय. माझी सून.

आता आली का पंचाईत? आमच्याकडे सुनेने सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही. त्याच्याकडे पाठ करायची नाही, खोलीतून जायचं तर उलट पावली जायचं. तो चुकला तरी चुकला म्हणायचं नाही. बुरुलाय चार वर्षं आमच्या घरात आहे, पण तिची वेणी किती लांब आहे ते मला ठाऊक नव्हतं.

पहिल्या दिवशी ती वर्गात आली, मला पाहिलं, आणि एकोणीस-एकोणीस वर्षांच्या तेवीस पोरापोरींसमोर हात छातीशी घेऊन कमरेत वाकली. पोरं खुदखुदली. मग हजेरी. सगळी नावं धडाधड घेतली आणि माझ्या नावाशी गाडी अडली.

"आणि... खिडकीजवळचे?"

"हजर," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

पण खरा तमाशा फळ्यापाशी. फळ्यावर लिहायचं तर वर्गाकडे पाठ होणार, आणि वर्गात मी! मग ही बाई फळ्याला पाठ लावून उभी राहिली आणि हात खांद्यावरून मागे नेऊन न बघता लिहू लागली. समाकलनाची चिन्हं भिंतीला टेकून डुलक्या काढणाऱ्या म्हाताऱ्यांसारखी दिसत होती. अधिक कुठलं, उणे कुठलं, काही पत्ता नाही.

दोन आठवड्यांनी वर्गाची मॉनिटर मीरिम मला जिन्यात गाठून म्हणाली, "अबा, रागावू नका, पण तुमच्या एकट्यापायी आम्ही तेवीसजण बुडणार."

"मग काय करू? विरघळून जाऊ?"

"बाहेर बसा ना. दार उघडं ठेवू आम्ही."

कार्टीची जीभ बघा! पण खरं बोलली. मी स्टूल घेऊन व्हरांड्यात बसलो. आत सूनबाई फळ्याकडे तोंड करून झकास शिकवू लागली. बाहेर मी नुसत्या आवाजावर कलनशास्त्र शिकत होतो, फळा दिसतच नव्हता. झाडूवाली रोज मला पाय वर घ्यायला लावायची. घरी गणितं सोडवून सूनबाईला दाखवावीत, तर ती वही दोन्ही हातांनी घ्यायची, वाचायची, लालबुंद व्हायची आणि म्हणायची, "अता," म्हणजे बाबा, "फार सुंदर अक्षर आहे."

"अगं, पण बरोबर आहे का?"

"काहीजण हे वेगळ्या तऱ्हेनेही करतात," म्हणून उलट पावली स्वयंपाकघरात.

मला वाटायचं, वा, जमतंय की!

माझी बायको कलीपा मात्र रोज तोंडाचा पट्टा सोडायची. "सुनेच्या हाताखाली शिकतोय म्हातारा! जनाची नाही तर मनाची तरी धर!" अशा वेळी मला ऐकू येत नाही. टर्बाइनने कान गेलेत माझे. सगळ्यांना तसंच सांगून ठेवलंय मी.

परीक्षेचा दिवस उजाडला. आमच्याकडे परीक्षा तोंडी. टेबलावर पालथ्या चिठ्ठ्या, एक उचलायची, अर्धा तास कागदावर मांडायचं आणि मग समोर बसून सांगायचं. पाचपैकी तीन मिळाले की पास, दोन म्हणजे नापास. बुरुलायच्या शेजारी विभागप्रमुख बसले होते. नवीन शिक्षिका आहे, सासऱ्याची परीक्षा घेतेय, म्हणून लक्ष ठेवायला.

मला आलेली चिठ्ठी सोपी होती. एक वक्र अक्षाभोवती फिरवायचा आणि तयार होणाऱ्या भांड्याचं घनफळ काढायचं. हे मी व्हरांड्यात तीनदा ऐकलं होतं! ऐटीत मांडलं, ऐटीत सांगितलं, आणि शेवटी मिशीवर हात फिरवून म्हणालो, "उत्तर, उणे अठरा पाय."

मागच्या बाकावर मीरिमने कपाळावर हात मारला.

बुरुलायची मान खाली गेली. "अक्षर..." ती पुटपुटली, "अक्षर फार..."

विभागप्रमुखांनी घसा साफ केला. "बुरुलाय, वडीलमाणूस आहेत. रीत बरोबर आहे, किरकोळ चूक आहे. द्या तीन आणि घरी जाऊ द्या."

तीन! पास! फाटक टळलं! माझ्या अंगावरून मोठं ओझं उतरलं, खोटं कशाला बोलू? मी गुण लिहायची वही पुढेसुद्धा सरकवली. तिने पेन उचललं. टोक वहीवर टेकवलं आणि पुन्हा उचललं.

आणि त्या अडलेल्या पेनावरून मला आमचा एक नवखा ऑपरेटर आठवला. एका हिवाळ्यात बेअरिंगच्या मापकाचा काटा लाल रेषेपार गेला होता. मी तिकडे न बघता म्हणालो, ठीक आहे. त्याला काटा दिसत होता, पण मोठ्या माणसाला कसं सांगायचं म्हणून गप्प बसला. बेअरिंग जळलं, खालची तीन गावं थंडीत नऊ दिवस अंधारात राहिली. तेव्हा मीच त्याच्यावर ओरडलो होतो, की गाढवा, काटा चुकीचा दिसला तर बोंब मार, समोर तुझा बाप का असेना!

मी माझ्या कागदाकडे पाहिलं. उणे अठरा. म्हणजे भांडं रिकामं असतानाही त्यातून अठरा काढून घ्यायचे! आयुष्यभर पाणी मोजणारा मी, मला कळू नये?

"सूनबाई," मी म्हणालो, "चुकलंय ना?"

तिने पेन खाली ठेवलं.

"काटा लाल रेषेपार आहे. बोल."

"अता, मी कशी..."

"ऊठ. फळ्यावर लिही. सरळ उभी राहून लिही, दोन्ही डोळ्यांनी बघून लिही."

ती उठली, खडू घेतला. आणि वळली. चार वर्षांत पहिल्यांदा तिची पाठ माझ्याकडे झाली. वेणी कमरेपर्यंत होती.

"समाकलनाच्या सीमा उलट्या घातल्यात," ती फळ्याशी बोलली. आवाज आधी कापत होता, मग कापेना. "शून्य खाली, सहा वर. घनफळ कधीच उणे येत नाही. आणि हे न कळता पुढे जाणाऱ्याला मी पास करणार नाही." मग वळून, माझ्या डोळ्याला डोळा भिडवून म्हणाली, "तुर्दाकुन सूरोनबाएव. दोन. नापास. फेरपरीक्षा नऊ दिवसांनी."

विभागप्रमुखांचा चष्मा नाकावरून घसरला.

मला राग यायला हवा होता. आला नाही. आई-वडील गेल्यापासून मला नावाने कोणी हाक मारलेली नाही. बायकोला मी म्हातारा, पोरांना अता, केंद्रावर साहेब. डोळेच भरून आले. पोरांना वाटलं, नापास झाला म्हणून रडतोय म्हातारा. वाटू दे.

कलीपाने घर डोक्यावर घेतलं. मला अर्थातच ऐकू आलं नाही. त्याच संध्याकाळी मी स्वयंपाकघरात फळा ठोकला, आणि आठ दिवस सूनबाईने माझ्याकडे पाठ करून गणितं घोटून घोटून घेतली. "पुन्हा चुकलं! लक्ष कुठे आहे?" कलीपा कानावर हात ठेवून अंगणात जाऊन बसायची. फळा संपला की मात्र बुरुलाय पुन्हा वाकून चहा द्यायची, आणि पुन्हा अता.

फेरपरीक्षेला मला मालिकांची चिठ्ठी आली, सगळ्यात खवट. वर तिने तीन जादा प्रश्न विचारले, दुसऱ्या कुणालाही विचारले नव्हते. मला घाम फुटला, पण मी उत्तरं दिली. तिने वहीत लिहिलं, उभी राहिली आणि म्हणाली, "तुर्दाकुन सूरोनबाएव. चार. उत्तीर्ण."

शिफ्ट वाचली. फाटक कुत्र्याचंच राहिलं. पण मी काही जागचा हललो नाही.

"काय म्हणालीस?" मी कानामागे हात धरला. "टर्बाइनने कान गेलेत माझे."

तिने माझ्याकडे निरखून पाहिलं. माझे कान कसे आहेत ते चार वर्षांत तिला चांगलंच कळलं होतं. मग खिडकीची तावदानं हादरतील एवढ्या मोठ्याने ती ओरडली, "तुर्दाकुन!"