कापसातली गाठ

"निघाली! गाठ निघाली!"

भाड्याच्या हॉलमधली दोनशे माणसं खुर्च्या सरकवत उभी राहिली. टेबलावर शिंपीणबाई आडव्या होत्या. नुसत्या हाताने रोग काढण्याचा दावा करणाऱ्या हातगुणवाल्या बाबांनी त्यांच्या काखेत कापूस दाबला, डोळे मिटले, आणि बघता बघता बोटांमधून रक्त ओघळलं. मग त्यांनी मांसाचा लालभडक गोळा वर धरला. काख पुसली, तर साधा ओरखडाही नाही!

"इस्पितळवाले सुई टोचून झोपलेला नाग डिवचतात," हातगुणवाले गरजले. "आम्ही त्याला बोट धरून बाहेर नेतो!"

नागाला बोट कुठून आलं, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

शिंपीणबाईंची नणंद मात्र जागची हलली नाही. इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्तामांसाचे नमुने तपासणीला तयार करण्यात तिची अकरा वर्षं गेली होती. वहिनीच्या स्तनातली गाठ कॅन्सरची निघाली, तेव्हा डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं, "काखेतलीही सुईने तपासू. रोग तिथवर पोचलाय का, ते कळलं की आधी औषधं की आधी ऑपरेशन, हे ठरवता येईल." पण सुईने रोग पसरतो, असं कुणीतरी वहिनीच्या मनात भरवलं. सात आठवडे ती टाळत राहिली. नणंदेने हात जोडले, भांडली, शेवटी दोघींचं बोलणंच बंद झालं. तरी आज ती मुद्दाम आली होती.

गोळा हातगुणवाल्यांनी लगेच जाळायला पाठवला. पण काख पुसलेला टॉवेल वहिनीचा होता, आणि अजून ओला. नणंदेने पर्समधून सूक्ष्मदर्शकाची काचपट्टी काढली आणि टॉवेलवर टेकवली.

दुसऱ्या दिवशी तिने वहिनीला जवळजवळ ओढतच प्रयोगशाळेत आणलं. आधी स्वतःचं बोट टोचून थेंब काचेवर घेतला.

"हे माझं रक्त. काय दिसतं?"

"गोल चकत्या. कोऱ्या."

"आता हे टॉवेलवरचं बघ."

वहिनी सूक्ष्मदर्शकावर बराच वेळ वाकून राहिली. "या लांबट आहेत. प्रत्येकीत ठिपका आहे."

"माणसाच्या लाल पेशीत तो ठिपका नसतो. पक्ष्यांच्या पेशीत असतो. कोंबडीचं रक्त असणार हे."

"मग माझी गाठ?"

नणंदेने वहिनीचाच हात तिच्या काखेत ठेवला. गाठ तिथेच होती. वहिनीचा चेहरा उतरला. "ते म्हणाले, ही नुसती सावली उरलीय."

"सावली बोटाला लागत नाही, वहिनी."

वहिनी तिच्या गळ्यात पडून रडली. पण पुढच्या बैठकीला ती पहिल्या रांगेत होती. हातगुणवाल्यांनी कापूस उचलताच ती उठली.

"आधी तो उघडून दाखवा."

"संशयाने शक्ती आटते, बाई!"

"आटू दे." तिने कापूस हिसकावून फाडला. आतून पातळ पिशवी फुटली, रक्त सांडलं, आणि कोंबडीच्या काळजाचा तुकडा टेबलावर पडला. हातगुणवाले मागच्या दाराकडे सरकले, पण तिथे नणंदेने बोलावलेले पोलीस उभे होते.

त्याच आठवड्यात सुईने तपासणी झाली. काखेतल्या गाठीतही कॅन्सर होता. आधी औषधं, मग ऑपरेशन, असं ठरलं.

"सात आठवड्यांपूर्वी आले असते तर?" वहिनीने विचारलं.

डॉक्टर म्हणाले, "ते आता कुणालाच सांगता येणार नाही. आजपासून सुरू करू."

नणंद रात्रंदिवस तोच हिशोब मनात करते आणि तो सुटत नाही. वहिनीचे केस गेलेत, पण दुकान चालू आहे. माप द्यायला येणाऱ्या प्रत्येकीला ती सांगते, "गाठ लागली तर लपवू नका. भीती वाटणारच, सोबत कुणाला तरी घ्या, पण तपासून घ्या. आणि जो स्वतःला तपासू देत नाही, त्याच्या हाती जीव देऊ नका."