झाकण तिरकं घाला, ताई

मित्रांनो, मी एक जुना प्रेशर कुकर आहे. स्टीलचा, पाच लिटरचा, आतून झाकण बसणारा. आयुष्याची गोष्ट सांगायची म्हणजे गळा भरून यायला हवा, पण माझं तसं काही होत नाही. इतकी वर्षं आगीवर बसल्यावर भांड्याला फारसं काही वाटेनासं होतं. तेव्हा जे झालं ते जसं झालं तसंच सांगतो.

कारखान्यातलं मला नीट आठवत नाही. दाब, ठोके, चकचकीत पॉलिश, आणि मग खोक्यातला अंधार. खोकं उघडलं ते थेट घाटकोपरच्या एका भांड्यांच्या दुकानात. माझ्याबरोबर आलेले सगळे कुकर विकले गेले. मी मागे राहिलो, कारण मी दाखवायचा कुकर होतो. गिऱ्हाईक आलं की मला पुढे करायचे.

मला पुढे करणारी होती शुभा. ती दुकानात कामाला होती आणि तिच्यासारखं बोलणारं त्या अख्ख्या रस्त्यावर कुणी नव्हतं. नुसता चमचा घ्यायला आलेली बाई कढई घेऊन जायची. माझं झाकण आत जात नाही म्हणून एखादी वैतागली की शुभा ते तिच्या हातातून काढून घ्यायची आणि म्हणायची, "ताई, सरळ घालाल तर जन्मात जाणार नाही. तिरकं घाला. हां. आता फिरवा. बसलं की नाही? आता हे नवऱ्यालासुद्धा जमेल." बाई हसायची. शुभा तिच्याहून जास्त हसायची.

दिवसभर झाकण घालून काढून माझ्या कडेला चरे पडले. असा कुकर कोण घेणार? एका दिवाळीला शेठनी मला शुभालाच देऊन टाकलं. तिच्या घरी ती आणि तिची मुलगी दीप्ती, दोघीच. तिथे मी खरं काम केलं. वरण, भात, बटाटे, कधीतरी राजमा. चांगले दिवस होते, असं म्हणायला हरकत नाही.

मग एक सकाळ आली. शुभाने डाळ लावली, गॅस पेटवला आणि चूळ भरायला गेली. चूळ तोंडात राहीना, एका बाजूने गळून गेली. तिने आरशात पाहिलं तर चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली होती. ती आरशासमोर उभी राहिली आणि मी इकडे जळत राहिलो. पाणी आटलं, डाळीचा कोळसा झाला, रबर वितळलं. मी आतबाहेर काळा पडलो. रबर आधीच सैल झालं होतं, वाफ कडेने निसटत राहिली, त्यामुळे शिट्टी काही झाली नाही.

शुभा औषधांनी बरीचशी सुधारली. शांत बसली तर काही कळायचंही नाही. पण बोलताना शब्द थोडे घसरायचे आणि हसली की तोंड एका बाजूला ओढलं जायचं. म्हणून तिने हसणं सोडलं, मग दुकान सोडलं, मग बोलणंही मोजकंच ठेवलं. कुणी समोर आलं की तिचा हात आपोआप तोंडावर जायचा. आणि मी सिंकच्या खाली, फिनाइलच्या बाटलीशेजारी पडून होतो. वाईट वाटलं का? नाही. मला काहीच वाटलं नाही.

खालच्या मजल्यावरचा केयूर भांडी घासायची पावडर बनवायला लागला, तेव्हा मला बाहेर काढलं गेलं. तो वर येऊन म्हणाला, "मावशी, मला व्हिडिओ पाहिजे. मॉडेल नको, घरातली बाई पाहिजे. लोकांना आता तसलेच व्हिडिओ खरे वाटतात."

"माझा चेहरा नको," शुभा हाताआडून म्हणाली.

"चेहरा कोण मागतंय? भांडी काय चेहऱ्याने घासतात? हात दाखव फक्त."

"आवाज मी देते," दीप्ती म्हणाली. ती नववीत आहे आणि तिला कुठेही आवाज द्यायला आवडतो. "सगळ्यात काळं भांडं कुठलंय आपल्याकडे?"

ते मीच होतो.

शूटिंग दुपारी ठेवलं, कारण सकाळी बिल्डिंगभर शिट्ट्या चालू असतात. फोन तांदळाच्या डब्याला टेकवला. "थांब, विमान जाऊ दे," असं दीप्ती सारखी म्हणत होती, कारण आमच्या डोक्यावरून विमानं अगदी खाली उतरत जातात. शुभा घासत राहिली. तिचे हात माझ्या ओळखीचे होते. हळूहळू एका बाजूने मी उजळलो. व्हिडिओ केयूरला पाठवला.

दुसऱ्या दिवशी तो फोन घेऊन वर आला. "मावशी, एक गडबड झालीय. तू दिसतेस."

त्याने व्हिडिओ थांबवून दाखवला. माझ्या घासलेल्या पोटात शुभाचा चेहरा होता. डाग निघाला म्हणून ती हसली होती. तोंड वाकडं होऊन, मनापासून.

"काढून टाक," शुभा म्हणाली.

"मी टाकलाच नाही अजून कुठे. पण खरं सांगू? ह्याच्यात तोच भाग भारी आहे."

"लोक हसतील."

"आई, धर जरा," म्हणत दीप्तीने मला उचलून तिच्या हातात दिलं. मी जड आहे, मला दोन्ही हातांनी धरावं लागतं. मग दीप्तीने स्वतःचं तोंड माझ्याजवळ आणलं. माझ्या पोटाच्या गोलाव्यात तिचं नाक बटाट्याएवढं झालं आणि ओठ कानापर्यंत गेले. "केयूरदादा, तूही ये."

केयूर वाकला. त्याची हनुवटी गायबच झाली.

"आता सांग, ह्याच्यात सरळ तोंड कुणाचं आहे?" दीप्तीने विचारलं.

शुभाने मला थोडं केयूरकडे वळवलं. मग म्हणाली, "केयूर, तुझं तर अर्धं तोंडच गेलंय रे."

"मग काय, मीपण लपून बसू?"

ती हसली. तोंडावर न्यायला हात मोकळाच नव्हता. मला खाली ठेवून तिला हात मोकळा करता आला असता. तिने मला ठेवलं नाही.

"हा व्हिडिओ नको," ती शेवटी म्हणाली. "ह्यात चेहरा चोरून आलाय. आणायचाच तर मी आणते. दीप्ती, ह्याचं रबर घेऊन ये नवीन."

रविवारी ती फोनसमोर बसली. पहिली वाक्यं घसरली, दोनदा ती उठूनही गेली. तिसऱ्यांदा आली आणि माझं झाकण हातात घेतलं. "ताई, सरळ घालाल तर जन्मात जाणार नाही," ती कॅमेऱ्याकडे बघत म्हणाली. "तिरकं घाला. हां. आता फिरवा." मला गॅसवर चढवून ती बोलतच राहिली. पावडरचं नाव घ्यायचं मात्र साफ विसरली. आणि नेमकी ती हसली तेव्हाच माझी शिट्टी झाली.

"आई, आवाज गेला सगळा, परत घेऊ," दीप्ती म्हणाली.

"राहू दे गं. त्यालाही बोलायचं असेल."

मला काही वाटलं, असं मी म्हणणार नाही. रबर नवीन होतं, वाफ कोंडली, शिट्टी झाली.

मित्रांनो, कुकरचं रबर वेळेवर बदलत जा. आणि तुमच्या घरात कुणी बोलायचं थांबलं असेल, तर लगेच त्याच्यासमोर कॅमेरा धरू नका. आधी त्याच्याशेजारी बसा, आणि त्याच्या हातात काहीतरी जड द्या, दोन्ही हातांनी धरावं लागेल असं.