होडीची जागा

धनेशच्या गल्लीला त्याच्या वडिलांचं नाव लागलं. आता ते लागलंच नाही असं धरून पुढे जायचं. खारी गावातल्या त्या गल्लीत सगळे तसंच धरून चालतात.

तर पाटी बसवायला आलेल्या माणसाने गल्लीच्या मधोमध पहार मारली, तेवढ्यात किराणावाले हसुभाई तराजू तसाच सोडून दुकानातून धावत आले.

"इधर नहीं भैया! इधर होडी लगती है."

माणसाने खाली पाहिलं, आजूबाजूला पाहिलं. "किधर है होडी?"

"अभी नहीं है. आएगी तो किधर रखेंगे?"

माणसाने पहार उपसून घेतली. पूर्वी खाडीचं पाणी इथवर चढायचं आणि धनेशचा बाप बाळाराम आपली होडी इथे ओढून ठेवायचा. घरं तिला वळसा घालूनच उठली. मग एका भरतीला बाळाराम होडी घेऊन गेला, तो गेलाच. त्याच्यामागे खाडीही भरावाखाली गेली, इमारती आल्या. पण गल्ली मात्र होडीएवढी जागा सोडून वळते ती वळतेच. स्कूटर वळतात, वराती वळतात, सिलिंडरवाला पहिल्यांदाच आला तरी न सांगता वळतो. तिथे आजवर कुणी साधी सायकल लावली नाही. भर दुपारी त्या जागेवरून गार झुळूक येते आणि खारा वास येतो. जेसल पार्कच्या इमारतींतून लग्न होऊन आलेल्या सुनांनाही येतो.

शेवटी खांब भिंतीलगत उभा राहिला. धनेश हात पुसत मागे सरकला. या पाटीसाठी त्याने बऱ्याच साहेबांचे उंबरे झिजवले होते. बापाला अग्नी देता आला नव्हता. निदान त्याचं नाव तरी कुठे टेकवता यावं, एवढंच त्याला हवं होतं.

त्याची आई, कृष्णाबाई, सुक्या बोंबलांची टोपली उतरवून पाटीखाली उभी राहिली. तिला वाचता येत नव्हतं.

"काय लिवलंय रं?"

"बाबांचं नाव."

"त्याच्या म्होरं बारकं कायतरी हाय."

धनेश खांबाचा नट आवळू लागला. तो आधीच आवळलेला होता.

"मेलेल्या मानसाच्या म्होरं लावतात, त्येच ना?"

"नियम आहे, आये. जिवंत माणसाचं नाव गल्लीला देत नाहीत."

"मंग देऊ नको."

"आये, इतकी वर्षं झाली..."

तिने उजवा हात त्याच्यासमोर धरला. मनगट मोकळं होतं. त्या हातातल्या बांगड्या तिने लग्नात, कोळणी देतात तशा, दर्याला दिल्या होत्या. नवऱ्याची राखण कर म्हणून. डाव्या हातातला हिरवा चुडा अजून होता.

"दर्यानं माज्या बांगड्या परत दिल्या?"

"नाही."

"मंग राखन चालू हाय. दर्या बिचारा राखत बसलाय, आन पोटचा पोर पाटी लावतोय!"

हसुभाईंना धंद्याच्या दृष्टीने यात काही चूक दिसेना. "बात सही है, धनेशभाई. माल रख लिया, मतलब सर्विस चालू है."

संध्याकाळी तिने पाटीवर जुनं जाळं टाकलं, वाळत घातल्यासारखं. पाटी त्यात पुरती बुडाली. कुणी जाळं काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी धनेश कामावरून आला, स्कूटर नेहमीच्या ठिकाणी वळवली आणि थांबला. वाऱ्याने जाळ्याचं एक टोक सुटून बाळारामातला 'राम' दिसू लागला होता.  मग त्याने ते टोक खांबाला घट्ट बांधलं, घरात जाऊन कागद घेतला आणि अर्ज लिहिला:

'मा. प्रभाग अधिकारी यांस सविनय सादर. आमच्या गल्लीत होडी लावण्याची जागा मोकळी राखलेली असून अडचण फक्त पाण्याची आहे. तरी खाडीचे पाणी पूर्वीप्रमाणे, निदान एका भरतीपुरते, आमच्या दारापर्यंत सोडण्यात यावे, ही नम्र विनंती. होडी लागताच पाटी आम्ही स्वखर्चाने उतरवू.'