सेटलमेंट झाली की फ्री

अभिमन्यूचा फोन हल्ली तांदळाच्या डब्यात राहायचा. वाजला तरी कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. कर्जवाले दिवसभर हाका मारायचे आणि तांदळात पुरलेला तो फोन कोंडलेल्या भुंग्यासारखा घूं घूं करत राहायचा. भात टाकायला ऋतुजा डबा उघडायची, फोन एका अंगाला सारायची, मग वाटी बुडवायची. नवऱ्याला जे बोलायचं ते तिचं बोलून झालं होतं.

जुळे सोलापूर या नव्या उपनगरातला तो भाड्याचा फ्लॅट बघायला मात्र देखणा. टेकलं की माणूस निम्मा आत जाईल असा सोफा, भिंतभर टीव्ही, दोन दारांचा फ्रीज, खाली झळझळीत मोटरसायकल. त्यातली एकही वस्तू घरची नव्हती. सगळ्या पाहुण्या, हप्त्यावर आलेल्या. टॉवेलच्या कारखान्याच्या ऑफिसात अभिमन्यूला नोकरी होती तोवर पाहुण्यांची बडदास्त राहिली. मग कारखान्याने माणसं कमी केली, त्यात हा गेला. फ्रीजच्या हप्त्यासाठी त्याने मोबाइलवर कर्ज काढलं, ते फेडायला कार्ड घासलं, कार्डासाठी पुन्हा दुसरा मोबाइलवाला. देताना ही मंडळी काय गोड! गाव विचारत नाहीत, जात विचारत नाहीत, बटण दाबलं की पैसे. घेताना मात्र त्यांना सासऱ्याचं नाव, मेहुण्याचं नाव, तळमजल्यावरच्या दाक्षायणीकाकूंचं नाव, सगळं तोंडपाठ असतं.

वसुलीवाल्याने एकदा या काकूंना फोन केला, तेव्हापासून त्यांना अभिमन्यूची फार कणव येऊ लागली. कणव इतकी, की जिन्यात भेटेल त्याला त्या ती थोडी थोडी वाटायच्या. आणि त्यांनीच युवराजला शोधून काढलं.

युवराज 'नवी पहाट कर्जमुक्ती सेवा' नावाच्या कुठल्याशा कंपनीचा माणूस. कर्जात रुतलेल्यांना वर काढणं हा त्याचा धंदा. ऐन उन्हाळ्यात, सोलापूरच्या त्या भट्टीत, तो गळ्यात टाय बांधून फिरायचा. एवढं एकच बघून शहाण्या माणसाने दार लावून घेतलं असतं. पण बुडणाऱ्याला टायसुद्धा दोर वाटतो. अभिमन्यूने त्याला आत घेतलं, सोफ्यावर बसवलं, आणि तिथंच ठरलं की कंपनीची फी आत्ता द्यायला नको, तोवर तारण म्हणून आईचं कुंभारीचं घर लिहून द्यायचं.

आई म्हणजे गोजरबाई. कुंभारीला विडी कामगारांच्या वसाहतीत तिचं घर. एक खोली, पुढं पत्र्याची पडवी, दारात शेवगा. विड्या वळून वळून बोटांच्या कडा पिवळ्या पडल्या, नवरा मधेच गेला, पण त्या घराच्या भिंतीवर तिने दुसऱ्या कुणाचं नाव येऊ दिलं नव्हतं. आता तेवढं एक नावच उरलं होतं, आणि ते पुसायला तिला जेवायला बोलावलं होतं. कशाला बोलावलंय, हे लेकाने सांगितलं नव्हतं.

ती रविवारी सकाळीच आली. काखेत गाठोडं, गाठोड्यात कडक भाकऱ्यांची चळत आणि शेंगाचटणी. दारातूनच ओरडली, "कुटं हायेस रं अभ्या?"

अभिमन्यू धावत आला. आधी जिन्यात डोकावून बघितलं, मग हळूच म्हणाला, "आई, आहे म्हण गं. हाय काय? इथं लोक ऐकतात."

"मंग ऐकू दे की. मी काय शिव्या देतीय?"

या कॉलनीत आल्यापासून त्याने जिभेवरून सगळं 'हाय-न्हाय' खरवडून टाकलं होतं. शेजाऱ्यांना सांगितलं होतं, आमचं मूळ टेंभुर्णीकडचं, बागायतदार घराणं. टेंभुर्णीला तो फक्त एकदा, एसटी बंद पडली तेव्हा, उतरला होता.

स्वयंपाकघरात भाकऱ्या ठेवताना गोजरबाईने फ्रीज उघडला. आत पाण्याच्या बाटल्या आणि एक सुकलेलं लिंबू. तिने फ्रीजच्या दारावर हात फिरवला, जसा परक्याच्या बैलावरून फिरवावा, आणि सवयीने गुणगुणली:

*फिरीज गं पांढराफेक, घरामधी बसविला*
*गार वारा त्येच्या पोटी, लेक माजा फसविला*

ऋतुजाला हसू आलं आणि लगेच डोळ्यात पाणीही. "आत्या," ती सासूच्या कानाशी कुजबुजली, "तो माणूस आला, की कशावरही सही करू नका. मी यांना सांगून दमले. तुमच्या घराचा कागद आहे तो."

गोजरबाईने लिंबू बाहेर काढलं, फ्रीज लावला, आणि ती पदर खोचून हॉलमध्ये येऊन खाली भिंतीला टेकून बसली.

युवराज आला तेव्हा मागोमाग दाक्षायणीकाकूही आल्या. "बसत नाही हं, पाचच मिनिटं," असं म्हणून त्या सोफ्याच्या मधोमध बसल्या आणि बाजूला आपली पर्स ठेवली. "चहा घेते की अर्धा कप. साखर जास्त टाक गं ऋतुजा."

"आई, तुम्ही वर बसा ना," युवराज गोजरबाईला म्हणाला. दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या हप्त्याच्या सोफ्यावर बसून तो यजमान झाला होता.

"हितं बरी हाय मी. तुजं चालू दे, बाबा."

मग त्याचं सुरू झालं. आवाज कोमट, दूध नासणार नाही पण सायही धरणार नाही असा. "सर, आजपासून एकही हप्ता भरायचा नाही. एकही नाही! जे काय द्यायचं ते महिन्याला आमच्याकडे. बँक ओरडेल, ओरडू दे. ओरडून ओरडून दमली, की आमची लीगल टीम जाते आणि म्हणते, घ्या निम्मे आणि विषय संपवा."

"ती दमेपर्यंत दारात माणसं येतील, त्यांचं काय?" ऋतुजाने विचारलं.

"ते लीगल टीम बघेल."

"टीम कुठं असते?"

"पुण्याला."

"आणि माणसं येणार जुळे सोलापुरात."

काकू म्हणाल्या, "अय्यो, मधे मधे बोलू नये गं. शिकलेला माणूस आहे तो."

अभिमन्यूने घसा साफ केला. "सर, ते दिवाळखोरी जाहीर करतात, तसं नाही का करता येत आपल्याला?"

युवराज असा हसला, जसं कुणी पायजम्यावर विमानात बसायचं म्हणालं. "नादारी? सर, ती कोर्टाची कामं. वर्षं जातात. मोठ्या लोकांना परवडतं ते."

खरंच होतं म्हणा ते. मोठ्या माणसाचं दिवाळं निघालं की त्याच्यामागे वकील उभे राहतात. लहान माणसाचं निघालं की शेजारी येऊन सोफ्यावर बसतात.

"आई," युवराजने कागद तिच्यापुढं सरकवला, वर पेन ठेवलं, "तुमची इथं एक सही. लेकाचं आयुष्य मोकळं होतंय, दुसरं काय पाहिजे आईला? साधी गोष्ट आहे. सेटलमेंट झाली की तुम्ही फ्री."

गोजरबाईने पेन उचललं होतं. लेकाच्या तोंडाकडे बघून उचललं होतं, ऋतुजाने सांगूनही. लेक सुकलेल्या लिंबासारखा दिसत होता, आणि घर काय, मातीचंच असतं. पण तो शब्द कानावर पडला आणि तिचा हात थांबला.

"काय झाली की?"

"सेटलमेंट."

"कुनाची?"

"तुमची. म्हणजे तुमच्या घरादाराची. सगळ्यांची एकदम. मग फ्री."

गोजरबाई भिंतीला धरून उठली. चेहरा राखेसारखा झाला होता. "न्हाय," ती म्हणाली. "मी मरंन, पर तितं जानार न्हाय. लेकालाबी जाऊ देनार न्हाय. का म्हून? त्येनं काय चोरी केलीया व्हय? उसनं घेतलंय, फेडंल!"

युवराज गोंधळला. "कुठं जाणार नाही?"

"सेटलमेंटात! तारंच्या आत!"

बाहेरच्या माणसाला यात काहीच कळणार नाही. सोलापूरकराला कळतं. इंग्रजाने काही जमातींना जन्मतःच चोर ठरवलं, त्यांना गावाबाहेर काटेरी तारेत कोंडलं, त्या जागेचं नाव सेटलमेंट. घंटा झाली की हजेरी द्यायची. रात्री पुन्हा हजेरी. जो शहाण्यासारखा वागेल त्याला तारेबाहेर फ्री कॉलनीत घर. देश स्वतंत्र झाला, मग काही वर्षांनी तार कापली. वस्ती राहिली, तिचं नावही राहिलं. गोजरबाईची आई त्या तारेच्या आत जन्मली होती, आणि गोजरबाईचं माहेर अजून तिथंच होतं.

"माजी आय तितं जल्मली," ती सांगू लागली. "तिच्या आयला सायेबानं असंच सांगितलं हुतं. तुमच्या भल्यासाठीच करतूय म्हनं, सुधाराया न्हेतूय. चांगलं वागा, की फिरी. माजी आय म्हातारी हुईस्तवर घंटा वाजली की धडपडून उटायची, देवळातली घंटा वाजली तरीबी! आन् तू टाय बांधून येतुयास, आन् परत मला म्हनतुयास सेटलमेंट, फिरी?"

युवराजला आता हसू आवरेना. "अहो आजी! ती सेटलमेंट नाही हो!" खो खो हसला. हसता हसता त्याच्या ध्यानात काहीतरी आलं, आणि हसणं ओसरलं. त्याने टीपॉयवरचा आपला फोन उचलला आणि खिशात घातला.

त्याच क्षणी दाक्षायणीकाकूंचा हात सोफ्यावरून सरकला. बाजूची पर्स त्यांनी मांडीवर घेतली आणि वर दोन्ही तळवे ठेवले. "टेंभुर्णीचे ना हो तुम्ही?" त्या अभिमन्यूला म्हणाल्या. "मग या तिकडच्या कशा?"

पर्स इकडची तिकडे झाली, एवढंच. वीतभर अंतर. पण अभिमन्यूने ते पाहिलं. ज्या बाईने जिना उतरता उतरता त्याची अब्रू वाटली होती, ती त्याच्या आईपासून आपली पर्स राखत होती. आणि जो माणूस त्याच्या आईचं घर घ्यायला आला होता, त्याला आपला फोन चोरीला जाईल अशी भीती वाटत होती!

"एक विचारू का, सर?" युवराजचा आवाज आता कामाचा झाला होता. "प्रॉपर्टी क्लिअर आहे ना? म्हणजे घरात कुणावर पोलीस केस वगैरे? तसं असेल तर फी थोडी आधी घ्यावी लागेल."

अभिमन्यू उठला. आईच्या मुठीत पेन तसंच होतं, ते त्याने सोडवून घेतलं. टोपण लावलं, आणि युवराजच्या शर्टाच्या खिशात नीट खोचलं. "तुमची वस्तू," तो म्हणाला. "मोजून घ्या. नाहीतर म्हणाल, राहिली."

"सर, भावनेच्या भरात—"

"कागदही घ्या."

"उद्या वसुलीवाले दारात आले की मला फोन कराल तुम्ही."

"येऊ देत. ते निदान टाय बांधून येत नाहीत."

युवराज कागद घेऊन बाहेर पडला, मागोमाग काकू पर्स छातीशी धरून निघाल्या. दारात थबकल्या. "चांगलं करायला जावं, तर हे," असं भिंतीला सांगून उतरू लागल्या. प्रत्येक मजल्यावर त्यांच्या चपलांचा आवाज थांबत गेला. गोजरबाई तो ऐकत उभी राहिली आणि तिच्या ओठावर ओवी आली, पण गाण्यासारखी नाही, थुंकल्यासारखी:

*टाय बांधून आला कोन, गळ्यामधी त्येच्या फास*
*सोडवाया आला म्हनं, हाताला तारंचा वास*

ऋतुजाने तिला सोफ्यावर बसवलं. पाणी दिलं. "आत्या, त्याची सेटलमेंट म्हणजे तडजोड हो. कर्जाची तडजोड."

"तडजोड?" गोजरबाईने पाण्याचा पेला खाली आदळला. "आगं मंग तडजोड म्हनायचं की मुडद्यानं!"

"तडजोड लोकअदालतीत होते, बँकेच्या माणसाला समोर बसवून. तिथं वकील लागत नाही, फी लागत नाही. फी लागते ती सेटलमेंटला." ऋतुजाने नवऱ्याकडे पाहिलं. "मी हेच सांगत होते. पण मी टाय बांधत नाही ना."

अभिमन्यू मान खाली घालून जमिनीवर बसला होता, मघाशी आई बसली होती तिथंच. "सगळं नाही सुटणार त्यात," तो म्हणाला. "गाडी जाईल. टीव्ही जाईल. हा फ्लॅट तर जाईलच."

"जाऊ दे की," गोजरबाई म्हणाली. "पाव्हणं कवातरी जायाचंच. तुमी कुंभारीला या. पडवीत जागा हाय. पर एक सांगते अभ्या, तितं आलास तर मला 'आहे' म्हन म्हनून सांगायचं न्हाय."

तो काही बोलणार, तेवढ्यात स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्यात भुंगा घूं घूं करू लागला. रोज अशा वेळी अभिमन्यू टीव्हीचा आवाज वाढवायचा. आज रिमोट हाताशी असून त्याने घेतला नाही. ऋतुजा आत गेली, डबा उघडला, फोनला चिकटलेले तांदूळ ओढणीने पुसले आणि फोन त्याच्यापुढे धरला.

त्याने घेतला. कानाला लावला.

"बोला. व्हय, मीच अभिमन्यू. न्हाई, पळालो न्हाई. पैसे आत्ता न्हाईत. लोकअदालतीत बोलवा, मी येतो."

पलीकडचा बराच वेळ बोलत होता. आवाज खोलीभर ऐकू येत होता, शब्द नाही. गोजरबाई गुडघ्यावर कडक भाकरी ठेवून तिचे तुकडे करत होती.

"घर?" अभिमन्यू म्हणाला. "ते माजं न्हाई. माज्या आयचं हाय."

भाकरीवरचा हात थांबला. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं, बहुधा हसत.

"हाय," अभिमन्यू म्हणाला. "नीट ऐकलंत. हाय."