वारा कुठे जातोय

दादाची गाडी पळत असली की तिला काही होत नसे. भर उन्हात मोकळ्या रस्त्यावर चाळीस मैल गेली तरी तापमानाचा काटा मधल्या रेघेवर स्वस्थ. पण गर्दी लागली, माणसाच्या चालीने चालावं लागलं, की काटा वर सरकायचा. गेल्या वर्षी जुन्या गाड्यांच्या मिरवणुकीत तर ती सगळ्या गावासमोर उकळली. बॉनेटमधून वाफ आली आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या.

दादा गेल्यानंतरची ती पहिली मिरवणूक. गाडी पुतण्या चालवत होता, शेजारी वहिनी होत्या.

यंदा पुतण्याने स्वच्छ सांगितलं, "काका, आईसाठी अजून एकदा नेतो. रविवारी नीट पार पडली तर राहू दे. वाटेत उकळली, तर सोमवारी तो जुन्या गाड्यांचा संग्रहवाला घेऊन जाईल. मला शेड हवी आहे."

त्याचंही खोटं नव्हतं. काचा बसवण्याचा त्याचा धंदा, आणि सगळा माल अंगणात उघड्यावर.

वहिनी माझ्याकडे वळल्या. मला म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही बघा."

माझी चाळीस वर्षं ट्रकच्या गॅरेजात गेलेली. हातात पाच दिवस होते. गाडी पळते तेव्हा समोरचा वारा जाळीतून आपोआप रेडिएटरवर येतो. हळू असताना ते काम पंख्याचं. इंजिनाचा जुना पंखा पट्ट्यावर फिरतो, इंजिन मंद झालं की तोही मंद. म्हणून तर दादा गेल्यावर मी जाळीमागे, रेडिएटरच्या पुढ्यात, विजेचा पंखा बसवला होता. गाडी उभी असली तरी हा आपला भन्नाट फिरतो. तेव्हा पंख्यावर माझा संशय नव्हता. एकच गोष्ट डोक्यात वळवळत होती. दादाच्या हातात गाडी तापायची, पण उकळली कधीच नव्हती.

पहिल्या दिवशी रेडिएटर उतरवून उलट्या बाजूने पाणी सोडलं. बादलीभर तपकिरी गाळ निघाला. गाडी शेडमध्ये उभी करून इंजिन चालू ठेवलं, पंखा लावला. अकरा मिनिटांत उकळली. दुसऱ्या दिवशी पाण्याचा पंप उघडला, पट्टा बदलला. बारा मिनिटं. तिसऱ्या दिवशी रेडिएटरच्या कडेच्या फटी पत्रा लावून बुजवल्या, म्हणजे पंख्याचा वारा इकडेतिकडे पळायला नको.

नऊ मिनिटं!

फटी बुजवून गाडी जास्त तापते? मला राग यायला हवा होता, पण मजाच वाटली. म्हणजे वाऱ्याचंच काहीतरी होतं.

चौथ्या दिवशी इंजिन आणि पंखा पुन्हा चालू केला, तेव्हा वहिनी पेपर घेऊन गाडीसमोर स्टुलावर बसल्या होत्या.

"भाऊजी, हिचा वारा माझ्या तोंडावर का येतो?"

"गाडी तापलीय वहिनी, गरम लागणारच."

"गरम का लागतो असं नाही विचारलं. माझ्याकडे का येतो, ते विचारलं. पंखा आत फुंकायला लावलाय ना तुम्ही?"

मी त्यांच्या हातातलं पान ओढलं.

"अहो, शब्दकोडं आहे त्यात!"

पान जाळीला लावलं. ते आत ओढलं जाऊन चिकटायला हवं होतं. उलट फडफडत माझ्याच नाकावर आलं.

पंखा उलटा फिरत होता. हल्लीच्या गाड्यांत बॅटरीची वजा बाजू गाडीच्या पत्र्याला जोडलेली असते. या गाडीत अधिक बाजू पत्र्याला आहे. ते माहीत असूनही माझ्या हाताने सवयीने काळी वायर पत्र्याला लावली, लाल स्विचला. ट्रकना लावत आलो तशीच, आणि पंख्यात वीज उलटी गेली. वर्षभर तो पंखा इंजिनाची गरम हवा ओढून पुढे फेकत होता. पळताना समोरचा वारा त्याला पुरून उरायचा. हळू चाललं की त्याचं राज्य. फटी बुजवून मी त्यालाच बळ दिलं होतं.

"म्हणजे गेल्या वर्षी..." वहिनी म्हणाल्या.

"गेल्या वर्षी गाडी मी उकळवली."

"आणि मी वर्षभर मुलाच्या चालवण्याला नावं ठेवतेय!"

दोन वायरींची अदलाबदल केली. पान जाळीला घट्ट चिकटलं. वहिनींनी उभ्याउभ्या कोड्याची दोन घरं तिथेच भरली, मग पान काढून घेतलं.

पुतण्याला मी सगळं सांगितलं. तो पोट धरून हसला. "पण काका, रविवारचं ठरलंय ते ठरलंय."

रविवारी ऊन मरणाचं. मी मागे बसलो होतो. पुलावर पुढची गाडी बंद पडली आणि सगळी रांग जागच्या जागी थांबली.

"काका, चढतोय."

"चढू दे."

"लाल रेघेजवळ आला!"

"टेकला?"

"नाही अजून." पंखा घोंगावत होता. वहिनींनी डोळे मिटले होते. पाच मिनिटं गेली. "थांबलाय," पुतण्या म्हणाला. मग एकदम ओरडला, "उतरतोय! काका, गाडी उभी आहे आणि काटा उतरतोय!"

"ओरडतोस काय," वहिनी डोळे उघडून म्हणाल्या, "पुढची रांग सुटली बघ."

घरी आल्यावर त्याने अंगणातच संग्रहवाल्याला फोन लावला. "नाही, उद्या येऊ नका. द्यायची नाही... का म्हणजे? तापत नाही ती." फोन खिशात टाकला, बॉनेट उघडलं आणि बराच वेळ आत बघत राहिला.

"काका, पुलावर सपाट होतं. घाटात हळू नेली तर?"

"काय माहीत."

"मग बघून येऊ," वहिनी म्हणाल्या. त्या गाडीतून उतरल्याच नव्हत्या.